घरी बसून शिकणं आणि शिकायची जिद्द



माण म्हटलं की लांबच्या माणसाला साताऱ्याचा माण तालुका आठवतो. आपलं माण मुळशीतलं, हिंजवडीला खेटून असलेलं. ज्या शिवारात आपल्या सासवांनी भात लावला, तिथे आज काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि मेट्रोच्या नव्या मार्गाचं टोकही आपल्याच गावात आलं आहे. त्या इमारतींत बसून लोक सातासमुद्रापलीकडची कामं संगणकावर करतात. तेव्हा एखाद्या बापाच्या मनात आलं, की माझ्या मुलीनंही घरीच बसून मोबाइलवर पदवी घेतली तर काय बिघडलं, तर त्यात नवल नाही.

हाच प्रश्न परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत निघाला. मुलगी बारावी झाली. कॉलेज शहरात, दोन बस बदलायच्या, हिंजवडीच्या चौकात गाड्या अडकल्या की घरी यायला अंधार. वडील म्हणतात ऑनलाइन घाल, फी कमी आणि पोर डोळ्यांसमोर. आईचं म्हणणं एवढंच होतं, "घरी बसून पोरीचं मन लागेल का हो?" हप्ता मोजायचा राहिला आणि बायका तासभर त्यावरच बोलत बसल्या. मला वाटलं, हा प्रश्न मोबाइलच्या आधीचा आहे. आपल्या पुणे जिल्ह्यात तर तो दीडशे वर्षं चालत आला आहे. आज त्याचीच गोष्ट सांगते.

सुरुवात रमाबाई रानड्यांपासून करू. १८७३ साली त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. नवरा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. त्यांनी बायकोला घरीच शिकवायला घेतलं, आधी मराठी, मग इंग्रजी. म्हणजे घरबसल्या शिक्षण, आणि शिकवणारा तर त्या काळच्या सर्वांत विद्वान माणसांपैकी एक. याहून चांगली सोय कोणती? पण रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या, १९१० साली त्या छापून आल्या, त्यात घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे, अबोले, इंग्रजीवरून झालेला छळ सगळं आलं आहे. नवऱ्याला उलट बोलायचं नाही आणि सासरच्या बायकांनाही दुखवायचं नाही, अशा कात्रीत त्यांचा अभ्यास झाला. पुस्तक घरात होतं, गुरू घरात होता, पण तिच्या अभ्यासाला घर आपलं मानत नव्हतं.

मला या गोष्टीत फार मोठी खूण दिसते. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं, त्यात रमाबाईंचा वाटा मोठा. तिथे मोठ्या वयाच्या, लग्न झालेल्या, विधवा बायकांसाठी वर्ग चालले. जी बाई स्वतः घरात शिकली, तिनं इतर बायकांसाठी मात्र घराबाहेरची जागा तयार केली. घरात बसून शिकताना काय काय सोसावं लागतं ते तिला पुरतं माहीत होतं.

धोंडो केशव कर्व्यांचीही तीच वाट. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. त्यांच्याशी कर्व्यांनी १८९३ साली लग्न केलं. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि १९०० साली तो हिंगण्याला नेला. हिंगणे म्हणजे आज शहरातच आलेलं कर्वेनगर, तेव्हा ते पुण्याबाहेरचं माळरान होतं. फर्ग्युसन कॉलेजात शिकवून झालं की कर्वे रोज पायी हिंगण्याला जायचे. आपण म्हणतो मुलीला कॉलेज लांब पडतं. इथे मास्तरच चालत मुलींकडे जात होता.

का नेलं त्यांना गावाबाहेर? विधवा मुलगी घरात म्हणजे फुकटची मोलकरीण. पहाटेपासून रात्रीपर्यंत तिच्या हाताला काम. तिच्यापुढे पुस्तक ठेवलं असतं तर तिनं ते उघडलं कधी असतं? हिंगण्याच्या झोपडीत दिवसाची ठरलेली वेळ तिच्या अभ्यासाची होती. शेजारी तिच्यासारख्याच दुसऱ्या मुली होत्या. एकीनं धडा पाठ केला की दुसरीला वाटायचंच, मी का मागे राहू.

याच कर्व्यांनी १९१६ साली बायकांचं विद्यापीठ काढलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती पडली होती, त्यावरून कल्पना सुचली. सुरुवातीला विद्यार्थिनी होत्या पाच. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये देऊ केले आणि त्यांच्या आईच्या नावानं ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झालं, म्हणजे आपलं एसएनडीटी. शिकवायची भाषा मातृभाषा. आणि ज्या बाईला कॉलेजात रोज येणं जमत नाही, तिला बाहेरून परीक्षेला बसायची मुभा. घरची जबाबदारी अंगावर असलेल्या बाईला पदवीचं दार असं किलकिलं झालं.

त्यावर लोक काय म्हणाले असतील ते तुम्हीही सांगू शकाल. मराठीतून पदवी, स्वयंपाक आणि आरोग्य शिकवणारी पदवी, ही कसली पदवी? सरकारनं कायद्यानं मान्यता दिली ती १९५१ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी. आज ऑनलाइन पदवीला जे नाक मुरडतात, त्यांचे आजोबा या पदवीला तेच म्हणत होते. म्हणून शिकण्याची रीत नवी आहे एवढ्यावरून तिला हलकं ठरवायची घाई आपण करू नये. पण नवी आहे म्हणून भुलूनही जाऊ नये.

आता मी रेडिओकडे येते, कारण तुम्ही हे रेडिओवरच ऐकताय. आणि ही गोष्ट तर आपल्याच मुलखातली आहे, तरी आपल्याकडे ती फारशी कुणाला ठाऊक नाही.

१९५६ साल. आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात शेतकऱ्यांचं एक श्रोतामंडळ. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. गावातल्या एका जागी रेडिओ लावायचा, सगळ्यांनी बसून ऐकायचं. पण खरं काम कार्यक्रम संपल्यावर सुरू व्हायचं. ऐकलेल्यावर चर्चा करायची, आपल्या गावात यातलं काय जमेल ते ठरवायचं, न समजलेलं लिहून पुणे केंद्राला कळवायचं. त्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत रेडिओवरून यायची. विचार करा, ज्या काळात खेड्यात सरकारी माणूस आला की लोक हात जोडून उभे राहायचे, त्या काळात गावकऱ्यांच्या प्रश्नाला रेडिओ उत्तर देत होता.

हा प्रयोग तपासला मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं, आणि ते काम पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाकडे होतं. त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. श्रोतामंडळं असलेली गावं त्यांनी पाहिलीच, शिवाय रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं आणि रेडिओही नाही अशी गावंही पाहिली. कार्यक्रमांच्या आधी लोकांना काय माहीत होतं आणि नंतर काय, याची तुलना केली. ज्या गावांत मंडळ होतं तिथे लोकांचं ज्ञान पुष्कळ वाढलेलं आढळलं. ज्या गावांत नुसता रेडिओ होता, तिथली वाढ नगण्य, जवळजवळ रेडिओ नसलेल्या गावांइतकीच.

पुन्हा सांगते, कारण माझ्या मते आजच्या सगळ्या बोलण्याचं मर्म इथे आहे. पेटी तीच, आवाज तोच, मजकूर तोच. एका गावात माणसं एकत्र बसून बोलली, दुसऱ्या गावात प्रत्येकानं आपापलं ऐकलं, नाहीतर ऐकलंच नाही. फरक एवढाच होता. हा प्रयोग यशस्वी झाला म्हणून १९५९ पासून देशभर अशी श्रोतामंडळं सुरू झाली. एक रुखरुख मात्र आहे. त्या मंडळांत बसणारे मुख्यतः पुरुष होते. बायका त्या वेळी चुलीपाशी असणार, दुसरं काय.

त्याच सुमाराला, १९५९ मध्ये, साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, पुढे ती राज्यभर गेली. प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवायचं, आणि तेही गावानं मिळून. गाव साक्षर झालं की समारंभ व्हायचा. तिथे अंगठा उठवणाऱ्या म्हातारीलाही वाटायचं, आपल्यामुळे गावाला खाली बघायला लागू नये. ही जिद्द होती, पण ती एकट्या म्हातारीची नव्हती, गावाची होती. समारंभ झाल्यावर जिथे पुढे वाचायला काही मिळालं नाही, तिथे शिकलेली अक्षरं पुसलीही गेली. तेही खरं आहे, ते लपवून उपयोग नाही.

आता विद्यापीठाकडे वळू. टपालानं पदवी देण्याची सुरुवात आपल्या देशात १९६२ साली दिल्ली विद्यापीठानं केली. मुंबई विद्यापीठानं १९७१ मध्ये असा विभाग काढला. टपालानं पाठ यायचे, ते वाचायचे, वर्षाच्या शेवटी परीक्षा. नोकरी करणाऱ्यांना ते सोयीचं होतं, पण पाकीट न फोडताच वर्ष संपलं असंही पुष्कळांचं होई. माझ्या स्वतःच्या कपाटात अशी दोन पाकिटं कितीतरी वर्षं होती. धाकटा मुलगा तेव्हा पोटात होता. मन होतं, बुद्धीही असावी. पण मी पाठ वाचला की नाही हे विचारणारं जगात कुणीच नव्हतं.

मग १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. ते आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. विद्यापीठाचं ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी तिथला फॉर्म भरला असेल. दहावी-बारावी झालेली नसली तरी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम करून पदवीला जाता यावं, ही सोय तिथे केली गेली. नववीत लग्न झालेल्या बाईला ही केवढी मोठी गोष्ट होती! आणि या विद्यापीठानं एक ओळखलं होतं, की गंगा नुसती घरी सोडून भागत नाही. म्हणून गावोगाव अभ्यासकेंद्रं, तिथे समंत्रक म्हणजे समजावून सांगणारे शिक्षक, रविवार-सुट्टीची संपर्कसत्रं, आणि एकट्यानं वाचूनही कळावीत अशा पद्धतीनं लिहिलेली पुस्तकं. जिथे केंद्र जागतं होतं, समंत्रक यायचा, तिथे बायका तग धरत. सत्रं कागदावरच झाली तर पुस्तकं घरातल्या पत्र्याच्या पेटीत गेली. दोन्ही आपण पाहिलं आहे.

आणि मग आला कोविड. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली. एका रात्रीत सगळा महाराष्ट्र घरबसल्या शिकू लागला, कुणाची तयारी असो वा नसो. त्याआधीच्या, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या खेड्यांतल्या शंभर घरांपैकी सुमारे पंधरा घरांत इंटरनेट होतं आणि संगणक तर पाच घरांतही नव्हता. आपण शहराला चिकटून आहोत, आपली गत थोडी बरी. पण घरात एक मोबाइल आणि शिकणारी दोन पोरं, म्हटलं की मोबाइल कुणाच्या हातात जायचा ते तुम्हाला मी सांगायला नको. मुलीचा तास चालू असताना "जरा गॅसकडे बघ गं" ही हाक कुठल्या घरात आली नाही? वर्गात बसलेल्या मुलीला कुणी अशी हाक मारत नाही. तिथे ती विद्यार्थिनी असते. घरी ती आधी मुलगी, मग बहीण, मग सून, आणि वेळ उरला तर विद्यार्थिनी.

परीक्षांचाही घोळ झाला. शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यायची की नाही यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्ट २०२० ला निकाल आला की परीक्षेशिवाय पदवी नाही. ऑक्टोबरमध्ये आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठानं पर्यायी उत्तरांच्या परीक्षा घेतल्या, बहुतेकांनी त्या ऑनलाइन दिल्या. पुढे सगळं पूर्ववत होऊ लागलं तर मुलांचे पाय लटपटले. जानेवारी २०२२ च्या शेवटच्या दिवशी धारावीत दहावी-बारावीच्या मुलांनी लेखी परीक्षा नको म्हणून रस्त्यावर गर्दी केली. पुष्कळ जण त्यांना आळशी म्हणाले. मला नाही तसं वाटत. दोन वर्षं ज्या पोरांना शेजारच्या बाकावरच्या पोरानं किती लिहिलं हे दिसलं नाही, त्यांना आपण कुठे आहोत हेच कळेनासं झालं होतं.

जगभरही हेच दिसलं आहे. २०१२ च्या सुमारास अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांनी मोफत ऑनलाइन वर्ग काढले, लाखोंनी नावं नोंदवली, आणि बहुतेक वर्गांत शंभरातले दहासुद्धा शेवटापर्यंत पोचले नाहीत. आपल्या सरकारनं २०१७ मध्ये 'स्वयम्' नावाचं असंच दालन सुरू केलं. त्यात उत्तम प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट ऐकता येतात, ती ऐकावीत. मात्र २०१० साली अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा थोडं वर्गात आणि थोडं ऑनलाइन असं शिकणाऱ्यांचा निकाल नुसत्या वर्गापेक्षा बरा दिसला. त्यांनी सोबत बजावलंही होतं, की या मुलांना अभ्यासाला वेळ आणि साहित्यही जास्त मिळालेलं होतं. म्हणजे सगळं श्रेय संगणकाला देता येत नाही.

आपल्या बैठकीतल्या त्या मुलीकडे परत येते. तिच्या वडिलांना मी खोटं ठरवणार नाही. रस्त्याची, अंधाराची काळजी खरी आहे, पैशाचीही आहे. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं कमवा व शिका योजना आहे, तिची चौकशी त्यांनी केलेली नव्हती, ती करायला सांगितली. पदवीच्या मानाचं म्हणाल, तर विद्यापीठ अनुदान आयोगानं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे, की मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची. मान्यता आहे का हे आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येतं. घरी आलेल्या एजंटाच्या कागदावर विसंबू नका. आणि नर्सिंग, इंजिनिअरिंग, फार्मसी असं काही कुणी घरबसल्या पदवीला देतो म्हणाला, तर पैसे देऊ नका, तशी परवानगीच नाही.

पण वडिलांना मी एक विचारलं. मुलगी घरी शिकणार, तर दिवसातले कुठले दोन तास तिचे? त्या वेळी तिला हाक मारायची नाही, हे कोण पाळणार? मोबाइल त्या वेळी कुणाचा? आणि आठवड्याला तिनं काय वाचलं हे तिला कोण विचारणार? ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आई विचारेल." आई म्हणाली, "मला वाचता येत नाही, पण विचारीन."

गावातल्या आणखी तिघी अशाच घरून शिकतायत, हे त्या दिवशी बोलता बोलता निघालं. इतके दिवस एकीचं दुसरीला माहीत नव्हतं. आता बुधवारी आणि शनिवारी दुपारी दोन ते चार समाजमंदिराची किल्ली गटाकडे असते. पहिल्या शनिवारी चौघीही आल्या, मुळशीकडच्या पावसानं वीज गेली होती, मोबाइल एकीचाच चार्ज होता. तिनं धडा मोठ्यानं वाचला आणि बाकीच्या तिघींनी प्रश्न लिहून काढले. सात प्रश्न निघाले. ते घेऊन त्या येत्या रविवारी अभ्यासकेंद्रावर जाणार आहेत.